चुन्यातला गूळ

आमचे भानातात्या भिंती चाटतात. खोटं नाही सांगत. मांजरसुंब्याला लग्नाला गेलो होतो, तर हा माणूस पंगत सोडून देवळाच्या मागच्या भिंतीला जीभ लावून उभा! नवरीकडच्या एका पाहुण्याने मला हळूच विचारलं, यांना घरी जेवायला घालत नाहीत का? तात्यांना त्याचं काही नाही. वळून म्हणाले, "चुन्यात गूळ हाय बे. बेलफळबी हाय, पकड धरावी म्हून. बांधणारा येडा नव्हता."

हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडात कायम. पालीच्या अलीकडे आमचं गाव. मी तिथल्या दूध संस्थेत फॅट काढतो, म्हणजे दुधाची पारख माझी आणि भिंतींची तात्यांची. ते संस्थेचे जुने सचिव. पडका बुरूज दिसला की आधी वितीने मोजणार, मग जीभ. सिमेंट मात्र चाखलं की थुंकतात. "अळणी," म्हणतात. वर चारचौघांत मलाही चाटून बघायला सांगायचे, तेव्हा असा वैताग यायचा की विचारू नका.

यंदाच्या दुष्काळात संस्थेच्या आवारातली गावची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी दगडी विहीर, ठणठणीत कोरडी पडली. संस्थेने ठरवलं, मुरूम टाकून ती बुजवायची आणि वर टँकरच्या पाण्याची टाकी बांधायची. बैठकीत तात्या उठले आणि बारव एकदा तपासतो म्हणून आठ दिवस मागितले. चेअरमन त्यांचा पुतण्याच. त्याने दिले, पण नवव्या दिवसाचा ट्रॅक्टरही सांगून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तात्या छिन्नी-हातोडा घेऊन तळाला उतरले आणि भिंतीवरचं सिमेंट फोडू लागले. गावात दूधच आटलेलं, मला काम नव्हतं, गेलो मागोमाग. सिमेंटमागे नवलच दिसलं. वरच्या थरांत चुना भरलेला, पण खालच्या थरांतले सांधे मुद्दाम मोकळे सोडलेले, जमिनीतलं पाणी आत झिरपावं म्हणून. कुठल्या काळी कुणी एवढं डोकं चालवलं असेल!

"मग हे सिमेंट कुण्या गाढवानं थापलं, तात्या?" मी विचारलं.

हातोडा थांबला. "म्याच."

तरुणपणी सचिव झाल्यावर त्यांनी माजलगावहून सिमेंट आणवलं होतं. फटी दिसतात याची लाज वाटली, म्हणून लिंपून टाकल्या. त्यांची बायको, अनसाकाकू, तेव्हाच म्हणाली होती की पाणी तिथूनच येतं, बुजवू नका. रोज कळशी बुडवणारी बाई ती. तुला काय कळतंय, म्हणाले तिला. मग दर उन्हाळ्यात बारव लवकर आटू लागली, आणि काकू मरेपर्यंत दोन शेतं ओलांडून पाणी आणत राहिली. हे खूळ कुठून आलं ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं त्यांना हसलो, याचं फार वाईट वाटलं.

सहा दिवस काही नाही. सातव्या दिवशी एक सांधा ओला झाला. आठव्या दिवशी सकाळी करंगळीएवढी धार, तळाला घोटाभर पाणी. चेअरमन उतरला, बघत राहिला, आणि तिथूनच फोन करून ट्रॅक्टर नको म्हणाला.

"काका, बांधणारा येडा नव्हता म्हणायचा," तो हसून म्हणाला.

तात्यांनी ओल्या दगडाला जीभ लावली.

"नव्हताच," ते म्हणाले. "आन् तुझी काकूबी येडी नव्हती."

मग घरून आणलेली काकूंची पितळी कळशी त्यांनी वाटीवाटीने भरली आणि खांद्यावर घेतली. मी घेतो म्हटलं, तर देईनात. एकेक पायरी चढत गेले. चेअरमन त्यांच्या मागोमाग गेला.

दोघं दिसेनासे झाल्यावर मी वर कुणी नाही ना ते बघितलं, आणि चुन्याला हळूच जीभ लावली.