मानाचा कोपरा

उसन्या शब्दांच्या बाबतीत आपला हात धरणारा अख्ख्या बाजारात कोणी नाही, असं छापखानेवाल्याचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. लग्नाच्या इंग्रजी पत्रिका छापण्यात त्याची हयात गेली होती. बुफे, बुके, मेनू, सुव्हेनिअर ही मंडळी मूळची इंग्रजांची नव्हेतच, त्यांनी ती फ्रेंचांकडून उसनी आणली आणि परत करायचं नाव काढलं नाही, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला हटकून ऐकवायचा. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि भाव कमी करून मागायचं.

या सगळ्या उसन्या मालात त्याचा लाडका म्हणजे आर.एस.व्ही.पी. पत्रिकेच्या तळाशी डावीकडे ही चार अक्षरं आणि त्यांच्याखाली घरातल्या वडीलधाऱ्यांची नावं. "हा मानाचा कोपरा," तो बजावायचा. "फ्रेंच पद्धत आहे. इथे कोणाला घालायचं ते घरी विचारून या, मागून भांडणं नकोत." आणि लोक खरंच भांडायचे. मामी वर गेल्या आणि आत्या खाली आल्या, एवढ्यावरून त्याला एकदा सगळ्या पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या होत्या. पण ती चार अक्षरं करतात काय, हे ना त्याने कुणाला विचारलं, ना कुणी त्याला सांगितलं. अहो, कडेची वेलबुट्टी काय करते, असं तरी कोण विचारतं?

मग त्याच्या स्वतःच्या लेकीचं लग्न ठरलं. मानाच्या कोपऱ्यात एकच नाव जाणार होतं, दादाचं.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेला. दोघांत कित्येक वर्षं अबोला होता. झालं होतं असं, की वडिलांचं जुनं छपाईयंत्र धाकट्याने भंगारात देऊन टाकलं, तेही न विचारता. दादा फक्त म्हणाला, "एका शब्दानं विचारायचं होतंस." चूक आपली आहे हे कळलं, की धाकट्याचा आवाज चढतो. तसा तो चढला आणि दोन घरांमधलं जाणंयेणं संपलं. पण दादाची आठवण आली नाही असा एक दिवस गेला नव्हता. एखादी पत्रिका मनासारखी उतरली, की "दादा, हे बघ" असं तोंडातून निघायचं आणि समोर शाईचे डबे असायचे.

"अहो, स्वतः जाऊन बोलवा की भावजींना," बायको म्हणाली.

"मानाच्या कोपऱ्यात नाव घालतोय ना."

"नाव छापलं म्हणजे बोलावलं, असं नसतं."

"तुला त्यातलं कळत नाही. फ्रेंच पद्धत आहे."

खरं सांगायचं, तर त्या दारापर्यंत जायची त्याची छाती नव्हती. दादाने दार उघडून नुसतं पाहिलं असतं, तरी हा तिथेच रडला असता.

पत्रिकेची अक्षरजुळणी करताना एक अडचण आली. एकट्या नावाखाली जागा उघडी दिसायला लागली आणि उघडी जागा छापखानेवाल्याला सोसत नाही. तिथे त्याने दादाचा फोन नंबर टाकला. इतक्या वर्षांत एकदाही फिरवला नव्हता, पण तो कुठे पाहून घ्यावा लागला नाही. पत्रिका सुरेख दिसली.

लेक जाऊन काकांना पत्रिका देऊन आली.

"काय म्हणाला?"

"वाचली. चष्मा पुसला. परत वाचली."

"मग?"

"म्हणाले, 'बरं.'"

त्या 'बरं'ने त्याची झोप उडाली. येतो या अर्थी बरं, की बघून घेईन या अर्थी बरं? लेकीला विचारून विचारून त्याने भंडावून सोडलं. शेवटी ती म्हणाली, "बाबा, आता तुम्हीच जाऊन विचारा." तेवढं मात्र त्याने केलं नाही.

पत्रिका वाटून झाल्या आणि घरात चिडीचूप शांतता पसरली. एरवी लग्न म्हटलं, की लोक दार ठोठावून ठोठावून "आम्ही येतोय हं" सांगतात. इथे कोणी फिरकेना. रस्त्यात ओळखीचे भेटत, हसत, "कळवलंय हं आम्ही" म्हणत आणि चालू लागत. काय कळवलंय, कुणाला कळवलंय, हे विचारायचा त्याला धीर होईना. सगळे दादाच्या बाजूने गेले, लग्नाला काळं कुत्रं येणार नाही, अशी त्याची खात्री पटली. त्यात आचारी रोज येऊन पायरीवर बसायचा.

"माणसं किती धरू?"

"उद्या सांगतो."

"तुमचा उद्या फार लांबचा दिसतोय, शेठ."

अशात एक दिवस व्याही आले, ते खुशीतच. "तुमच्या थोरल्या बंधूंनी मन जिंकलं हो," ते म्हणाले. "जेवण अर्धा तास अलीकडे घेतलं, फार बरं झालं. म्हाताऱ्या माणसांना भूक निघत नाही. बँडचं आम्ही सुचवलं होतं, ते त्यांनी कापलं. तेही बरोबरच. आणि आइस्क्रीम व्हॅनिला. त्यावर ते जरा अडून बसले, मग आम्हीच सोडून दिलं."

"दादा? तुमच्याशी कधी बोलला?"

"रोज बोलतो आम्ही. पत्रिकेतच लिहिलंय ना, कृपया उत्तर कळवा म्हणून. खाली नंबरही आहे. आमच्या सगळ्या नातेवाइकांनी कळवलं, ते बघून तुमच्याकडच्यांनीही कळवलं म्हणे."

छापखानेवाल्याने पत्रिका उचलली. त्या चार अक्षरांकडे तो असा बघत राहिला, जसं घरच्या मांजराने अचानक तोंड उघडून पत्ता विचारावा. कृपया उत्तर कळवा! हयातभर छापलं, पण आजवर नंबर कोणी घातला नव्हता, म्हणून कोणी कळवलंही नव्हतं. आणि दादा असा माणूस, की फोन दुसऱ्यांदा वाजला तरी त्याला अपमान वाटायचा. तो काय उचलल्याशिवाय राहणार? याने त्याला लग्नाचं चौकशी कार्यालय करून ठेवलं होतं, पुन्हा एकदा न विचारता.

व्याही गेले. आचारी पायरीवर होताच. छापखानेवाल्याने मन घट्ट करून फोन फिरवला. लाइन बिझी. परत फिरवला, परत बिझी. बायको म्हणाली, "चालत गेला असतात तर दोनदा पोचला असतात." अखेर घंटी वाजली.

"नमस्कार, मुलीकडची बाजू. किती जण येणार?"

तोच आवाज, जरासा थकलेला.

"हॅलो? मोठी माणसं आणि लहान मुलं वेगवेगळी सांगा."

"दादा, मी आहे."

मग दादा म्हणाला, "मला विचारलं होतंस?"

"नाही."

"धड जेवण नाही, झोप नाही. घास उचलला की फोन. तुझी वहिनी माहेरी जायच्या गोष्टी करतेय."

"चुकलं, दादा. तेव्हाही चुकलं होतं माझं."

दादा खाकरला. "ते असू दे. आचारी थांबलाय ना? तीनशे बारा सांग त्याला."

"त्यात तू आणि वहिनी धरलेत का?"

छापखानेवाल्याने रिसीव्हर कानाशी आणखी घट्ट धरला.

"सगळं जग मला कळवतंय, येतो म्हणून," दादा हळूच म्हणाला. "मी कुणाला कळवायचं? पत्रिकेवर तर माझाच नंबर."

"मला कळव ना रे."

"किती उशीर केलास विचारायला." दादाचा आवाज ओला झाला होता. "दोघं येतोय, लिही. आता ठेव फोन, लोक ताटकळले असतील."

"तू ठेव आधी."

"ऑपरेटर आधी ठेवत नसतो."

मग कोणीच ठेवला नाही. वडिलांचं झालं, यंत्राचं झालं, वहिनीच्या गुडघ्याचं झालं, आणि मधेच ओरडून सांगितलेले तीनशे चौदा धरून आचारी कंटाळून निघून गेला. त्या दुपारी ज्यांनी ज्यांनी 'येतो' कळवायला फोन लावला, त्यांना दादाची लाइन बिझीच मिळाली. पुढे ती माणसं न कळवताच लग्नाला आली. तेव्हा शेवटच्या पंगतीला जेवण संपून नुसतं व्हॅनिला आइस्क्रीम मिळालं, यात त्या बिचाऱ्या आचाऱ्याचा काही दोष नाही.