संत्र्याच्या वाइनला हिंगाची धुरी

“या खेपेलेबी वाइन आंबली, तं पिंप म्हशीले पानी पाजाले!” पार्बताबाईंनी नवऱ्याला, गोवर्धनला, असा निकालच देऊन टाकला. वरूडला वीस वर्षं संत्र्याची बाग राखलेला माणूस हो! पण घरच्या संत्र्यांची वाइन करायची हौस काही साधेना. बाटल्या नीट निर्जंतुक न झाल्यामुळे आधीच्या दोन खेपा आंबून गेल्या होत्या.

त्यासाठीची खास पावडर नागपूरहून यायची होती, ती येईना आणि पिंपातली वाइन थांबेना. गोवर्धनने बाटल्यांवर उकळतं पाणी ओतलं, तर तीन बाटल्या तडातड फुटल्या. मग विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर घेतली. बाटल्यांचं काय झालं देव जाणे, त्याचं नाक मात्र पार बधिर झालं. शेवटी हात टेकले आणि स्वतःच स्पिरिट आणायला मेडिकलात गेला.

परत येऊन पाहतो तर बाटल्या ओळीनं पालथ्या, कोरड्याठक्क.

“हे कोनं केलं वं?”

“मीनं. जंतू काय, जंतूचा बापबी नाई राह्यला आता. भरा गुमान!”

नाकाला वास नाही, मनाला शंका नाही. गोवर्धनने बाटल्या भरून टाकल्या.

महिन्याभरानं अकोल्याचे व्याही पंजाबराव आले. वांग्याच्या भाजीशी सात रोडगे हाणून ते तक्क्याला टेकले, तेव्हा पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. गोवर्धनने मोठ्या ऐटीत बूच काढलं आणि खोलीभर फोडणीचा वास सुटला.

पंजाबरावांनी घोट घेतला. “इवाई, याले तडका देला काय?”

गोवर्धन बायकोकडे वळला. “कशानं साफ केल्या वं बाटल्या?”

“लोनच्याच्या बरनीले देतो तशी हिंगाची धुरी देली! माह्या लोनच्याले तीन साल बुरशी नाई लागत.”

“पाहून घ्या, इवाई!” गोवर्धन ताडकन उठला. “माहा याच्यात काईच हात नाई! हे सारी करामत हिची, एकटीची!”

पंजाबरावांनी उरलेला गिलास डोळे मिटून रिचवला. मग त्यांनी असा ढेकर दिला की दारातलं कुत्रं उठून पळालं.

“हाऽऽ! डाक्टर करून थकलो, पन असं मोकळं कदी वाटलं नाई. इहीनबाई, अकोल्याले नेतो मी दोन बाटल्या. काय हात हाये तुमचा!”

“नाई, मंजे... संत्री तं माहीच होती...” गोवर्धन पुटपुटला.

“आता काहून बोलून राहिले?” पार्बताबाई कडाडल्या. “ आत्ताच तं तुमी हात झटकले!”

पिंप वाचलं खरं, पण दुसऱ्या दिवसापासून ते पार्बताबाईंच्या ताब्यात गेलं. गोवर्धन ओसरीवर मान खाली घालून संत्री सोलत बसतो, आणि आतून हाक येते, “बिया काढजा बराबर!”