नाना नलवडे आणि मॅडमची ऑर्डर

नाना नलवड्यांनी मला पाच वर्षं रांग म्हणून वापरलं.

रांगेत उभं केलं असं नव्हे, मीच रांग. आमच्या सांगलीच्या हापिसात ‘सॉफ्टवेअर हळू चालतंय’ अशी तक्रार आली की बाकीचे स्क्रीनकडं वळायचे आणि नाना कागद फाडायला घ्यायचे. त्याच्या चिठ्ठ्या करायचे, एक चिठ्ठी म्हणजे एक निरोप, आणि प्रत्येकाला एकेका यंत्राचं सोंग नेमून द्यायचे. एक जण दवाखाना, एक जण लॅब आणि मी दोघांच्या मधली रांग. “महेश गड्या, म्होरची चिठ्ठी सुटल्याबिगर मागची सोडायची न्हाई,” असा दम देऊन ते गळ्यातलं स्टॉपवॉच दाबायचे आणि चिठ्ठी उंच धरून टेबलाटेबलांतून परेड केल्यासारखे चालायचे. साठीला टेकलेला माणूस, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. विमा विकायला आलेले एक गृहस्थ हे बघून दारातूनच परत गेले होते.

पण दुखणं नेमकं सापडायचं. “यंत्र खोटं बोलत न्हाई. पर इचारल्याबिगर बोलतबी न्हाई,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आमचं काम तसं साधं आहे. दवाखान्याचं सॉफ्टवेअर वेगळं, लॅबचं वेगळं, आणि दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. दवाखान्यानं ‘अमक्याचा रिपोर्ट पाठव’ म्हटलं की तो निरोप लॅबपर्यंत न्यायचा आणि उत्तर परत आणून द्यायचं, एवढंच आमचं सॉफ्टवेअर करतं. नानांनी सैन्यात बावीस वर्षं सिग्नलमध्ये निरोपच पोचवले होते. त्यानंतर ते एका कारखान्याच्या फाटकावर बसत. तिथून त्यांना आमच्याकडं आणलं ते त्यांच्या मुलीनं, अश्विनीनं.

अश्विनी आमची टीम लीडर होती. म्हणजे बाप मुलीच्या हाताखाली. पहिल्या दिवशी ती आत आली तसे नाना खाडकन उठून उभे राहिले.

“आवं नाना, बसा की!”

“हापिसात नाना न्हाई, मॅडम. नलवडे म्हणायचं.”

तिनं महिनाभर समजावलं. शेवटी हात टेकले आणि रोज सकाळी पर्स ठेवता ठेवता म्हणू लागली, “नलवडे, बसा.” तेव्हा कुठं ते बसायचे.

दुपारी एक वाजला की मात्र नाना घड्याळ बघून जाहीर करायचे, “एक ते दीड, आता मी बाप हाय.” मग डबा उघडायचा, भाकरी तिच्या पुढ्यात सरकवायची, वांगं बाजूला काढलं म्हणून तिला फैलावर घ्यायचं. “एवढी शिकली, पर वांगं खायाला शिकली न्हाई.” दीड वाजला की डबा बंद. “मॅडम, कराडच्या लॅबची तक्रार हाय.”

तीन वर्षं असं चाललं. मग दोन वर्षांपूर्वी अश्विनी तापाचं निमित्त होऊन आठ दिवसांत गेली. चौतीस वर्षांची होती.

नाना चौदाव्या दिवशी कामावर आले. साहेबांनी तिची खुर्ची मला दिली होती आणि मी तिच्यात बसायला कचरत होतो. “बस,” नाना म्हणाले. “खुर्ची रिकामी बरी न्हाई.” त्यानंतर त्यांच्या तोंडून तिचं नाव मी कधी ऐकलं नाही.

गेल्या महिन्यात आमचं एक जुनं यंत्र काढून नवीन आणलं. सगळ्या दवाखान्यांचे, लॅबचे पत्ते त्या यंत्रात असत. आता प्रत्येक दवाखान्याच्या सेटिंगमध्ये जुन्याच्या जागी नव्याचं नाव घालायचं होतं. एकूण चाळीस दवाखाने. काम नानांकडं होतं आणि त्यांनी ते दोन दिवसांत संपवलं.

आठवड्यानं पाटणकडच्या एका दवाखान्यातून शिंदे सिस्टरचा फोन आला. “आवं, तुमचं सॉफ्टवेअर हाय का यष्टी? निघतंय, पर पोचत न्हाई. सकाळी मागितलेला रिपोर्ट चहा पिऊन आलं तरी गोल गोल फिरतोय.”

नानांनी चिठ्ठ्या फाडल्या. मी रांग झालो. दोन दिवस आम्ही निरोप इकडून तिकडं नाचवले, पण काही निघेना. नानांचं लक्ष स्टॉपवॉचकडं नव्हतंच. “तिकडं डोंगार हाय. नेटच ढिलं असंल,” असं ते दोनदा म्हणाले. मला नवल वाटलं. नेटवर ढकलणाऱ्याला हाच माणूस आजवर हापिसभर ऐकवत आला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरचा पुन्हा फोन आला. मी स्पीकरवर घेतला. या वेळी त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं जास्तच भीती वाटली.

“बाळंतपणाची बाई हुती. रक्त थांबत नव्हतं. लॅबमध्ये रिपोर्ट तयार, आन माझ्या स्क्रीनवर यीना. शेवटी लॅबला फोन लावला आन तळहातावर लिहून घेतलं. बाई वाचली. पर तुमच्या भरवशावर मी वीस मिनिटं बसले, त्येचं काय?”

आजच बघतो म्हणालो. फोन ठेवला आणि त्या दवाखान्याची सेटिंग स्वतः उघडून वाचत गेलो. सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. तिथला प्रत्येक निरोप लॅबचा पत्ता आधी जुन्या यंत्राला विचारत होता. जुनं यंत्र बंद होऊन कपाटावर पडलेलं. निरोप अर्धा मिनिट उत्तराची वाट बघायचा, आणि ते आलं नाही की आमचं सॉफ्टवेअर त्याला आपणहून नव्याकडं वळवायचं. तोवर मागचे सगळे ताटकळत. सकाळच्या गर्दीत शेवटच्याचा नंबर यायला वीस मिनिटं लागणारच.

जुन्या यंत्राचं नाव असलेल्या ओळीच्या वर एक टीप होती. आम्ही लोक एकमेकांसाठी अशा टिपा लिहून ठेवतो. यंत्र त्या वाचत नाही.

‘नाना, इथं हात लावायचा नाही. — अश्विनी.’

मला आठवलं. नवे असताना नानांनी ‘साफसफाई’ म्हणून याच दवाखान्याची निम्मी सेटिंग पुसून टाकली होती, आणि ती सगळी तिनं पुन्हा बसवली होती.

नाना माझ्या मागं उभे होते.

“पयल्याच दिवशी कळालं हुतं,” ते म्हणाले. “एकोणचाळीस बदलले. ह्यो न्हाई बदलता आला.”

“मग चिठ्ठ्या कशाला फिरवल्या?”

“दुसरीकडं कुठं दुखणं निघतंय का बघत हुतो. निघावं असं वाटत हुतं.” त्यांनी स्क्रीनवरच्या टिपेकडं बोट केलं. “मॅडमची ऑर्डर हुती रं.”

मला राग आला होता. तळहातावर लिहिलेला तो रिपोर्ट डोळ्यांपुढून हलत नव्हता. पण त्यांच्याकडं बघून “मी पुसतो,” एवढंच म्हणालो.

“न्हाई. चूक माजी हाय.”

मी उठलो, ते बसले. ओळ बदलली. मग टिपेपाशी आले. पहिलीतलं पोरगं वाचतं तसे ओठ हलवत त्यांनी ती वाचली आणि एकेक अक्षर मागं घेत पुसली. सगळ्यात शेवटी ‘नाना’ राहिलं. तेही पुसलं.

त्यांनी स्वतःच सिस्टरना फोन लावून बघायला सांगितलं.

“आलं की वो! बोट उचलायच्या आत आलं!”

“सिस्टर, मी नलवडे. चूक सॉफ्टवेअरची न्हवती. मला म्हाईत हुतं आन मी बदललं न्हाई.”

सिस्टर म्हणाल्या, “उद्या इकडं या. मला तोंडावर बोलायचंय.”

“येतो,” नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर निघालो. कराडला एसटी बदलली. बाजूला कोयनेचं पात्र आणि दोन्हीकडं ऊस. नाना खिडकीशी बसले होते. त्यांचं गाव याच बाजूला. बऱ्याच वेळानं, मी काही विचारलं नसताना, बोलू लागले.

“मी मिलिटरीतनं घरी आलो तवा ती शिकाय भायेर गेलेली. त्येच्या आदी मी भायेर. हापिसात तीन वर्षं समोर बसाय मिळालं, तेवढंच.”

त्यांनी खिडकीची काच सरकवली.

“बोलाय लय उशिरा लागली बघ ती. साडेतीन वर्षांची झाली तरी तोंडातनं शब्द न्हाई. घरात सगळ्यास्नी घोर. मी सुट्टीवर आलो. पयल्या दिवशी जवळ आली न्हाई. दुसऱ्या दिवशी आली, गुडघ्याला टेकून हुबी राह्यली, आन म्हणाली, ‘कवा जाणार?’”

एसटीनं वळण घेतलं. त्यांनी पुढच्या सीटची दांडी धरली.

“तिची आई चुलीपास्नं पळत आली. पोरगी बोलली म्हणून गावात पेढे वाटले.”

“आणि तुम्ही? तुम्ही काय सांगितलंत तिला?”

“जाणार न्हाई म्हणलं.”

पाटणचा स्टँड आला. लोक उठू लागले. नाना बसूनच होते.

“सुट्टी संपली, तवा ती उठायच्या आत निघालो.”