विश्वासात मुळशी पहिली

मंदी नेहमी शेजारच्या घरात येते. आपल्या घरी येते ती नुसती अडचण, आणि अडचणीला पाहुण्यांसमोर आणायची पद्धत नाही.

रत्नाबाईंच्या घरी अशी एक अडचण गेल्या दिवाळीपासून मुक्कामाला होती. हिंजवडीच्या पलीकडे, माणच्या अंगाला त्यांचं घर, मागे भाड्याच्या खोल्यांची रांग. कंपन्यांनी माणसं कमी केली तशी खोल्यांतली पोरं गाद्या गुंडाळून आपापल्या गावी गेली. मुलाच्या, अमोलच्या, दोन गाड्या कंपनीची माणसं ने-आण करायच्या. ने-आण करायला माणसंच उरली नाहीत, तेव्हा गाड्या चिंचेखाली उभ्या राहिल्या आणि एकीच्या मागच्या सीटवर कोंबडीने अंडी घालायला सुरुवात केली. (मुळशी तालुक्यातलं उत्पादन ठप्प झालं, असं म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

रत्नाबाई एवढ्याने डगमगणाऱ्या नव्हत्या. पण अमोल एकतीस वर्षांचा होता (बायोडेट्यावर अठ्ठावीस), आणि आलेली स्थळं चहा पिऊन, 'कळवतो' म्हणून जी जात ती जातच. आता रिहे गावच्या विलासरावांच्या स्नेहलची बोलणी चालू होती. हे स्थळ गेलं, तर पोरगा चिंचेखाली तिसरी गाडी होऊन उभा राहील, हे त्यांना दिसत होतं.

नेमकी तेव्हाच गौतमी नावाची एक मुलगी दारात आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, बोलणं पुण्याचं.

"काकू, आम्ही ग्राहकांचा विश्वास मोजतोय. मागच्या वर्षीपेक्षा घरची परिस्थिती कशी आहे?"

रत्नाबाई मनात हसल्या. शाळा चौथीत सुटली म्हणून काय झालं! मुलगी द्यायच्या आधी मुलाच्या घरी अनोळखी माणूस धाडून गुपचूप चौकशी करायची, ही इकडची जुनी रीत. स्वतः त्यांनी लेकीच्या वेळी हरवलेली शेळी शोधायच्या निमित्ताने होणाऱ्या जावयाचं घर मोरीपर्यंत पाहून घेतलं होतं. (शेळी नव्हतीच. तरी त्या घरच्यांनी ती अर्धा दिवस शोधली. त्यावरून माणसं चांगली आहेत, असं ठरलं.) तेव्हा रिहेकरांनी टॅबवाली पोरगी धाडली, यात नवल काही नव्हतं. उलट पाहुणे खर्चाला मागेपुढे बघत नाहीत, हे कळून समाधान वाटलं.

"परिस्थिती लई सुधारलीया," रत्नाबाई म्हणाल्या.

"खोल्या तेवढ्या मोकळ्या..." त्यांचे यजमान भिवाजी ओट्यावरून खरं सांगू लागले.

"रंगवाय काढल्यात! आवो, तुमी जरा गुरांकडं बघा."

"गुरं इकली की आपण."

"मग गोठ्याकडं बघा!"

गौतमीने मान खाली घालून टॅबवर बोट फिरवलं. "येत्या वर्षात काही मोठी खरेदी करणार आहात?"

"फ्रीज. दोन दाराचा. सोफा. गाडी तर आलीच म्हणून समज."

"उत्पन्नाची काळजी वाटते का?"

"वाटती की बाई. ठेवायचं कुटं, ह्याची."

गौतमी तिथून पुढे गेली. जवळजवळ प्रत्येक घरात लग्नाचं कोणी ना कोणी होतंच, आणि प्रत्येक आईला वाटलं, पोरगी आपल्याकडेच आलीय. शेजारच्या रेश्माताईंनी घराला लिफ्ट बसवणार असल्याचं सांगितलं. (घर बैठं आहे. मजले लिफ्टच्या मागोमाग येतील.) माळावरचे कोंडाजी मेंढरं राखतात, त्यांची तीन पोरं लग्नाची. त्यांनी सांगितलं, "मेंढरास्नी पंखं बसवायचा इचार हाय. छताचं." (मेंढवाड्याला छत नाही; ते त्याच खर्चात धरावं.)

पाहणीचा निष्कर्ष असा निघाला: लग्नाचे मुलगे असलेल्या घरांची परिस्थिती शंभर टक्के उत्तम. लग्नाच्या मुली असलेल्या घरांचीही शंभर टक्के उत्तम, कारण मुलीची बाजू पडती दिसून चालत नाही. मुलगा-मुलगी काहीच नसलेलं घर एकच निघालं. तिथल्या विधुर गृहस्थांनी थोडा विचार केला, केसांवरून हात फिरवला आणि आपलंही उत्तम असल्याचं सांगितलं.

पण बोललं ते घरात दिसायला हवं. रत्नाबाईंनी फ्रीज आणि सोफा हप्त्यावर आणला. चिंचेखालची बरी गाडी कोंबडीकडून रिकामी करून घेतली, धुतली, भाड्याच्या गाडीची पिवळी नंबरपाटी झेंडूच्या हाराखाली झाकली आणि वेशीवर फ्लेक्स लावला: 'नवीन वाहन खरेदीबद्दल अमोलशेठ यांचे हार्दिक अभिनंदन'. मग रेश्माताई मागे कशा राहतील? महिन्याभरात गावात सोफे घेऊन टेम्पो असे येऊ लागले, की वळणावर ट्रॅफिक अडायची.

पेपरात बातमी आली: 'ग्राहकांच्या विश्वासात मुळशी पहिली; मंदी ओसरल्याची चिन्हे'.

त्याच आठवड्यात विलासराव स्नेहलला घेऊन घर पाहायला आले. सोफ्यावरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं, त्यामुळे कोणी हललं की सोफा आधी बोलायचा. स्नेहल पाणी घ्यायला आत गेली, पाठोपाठ अमोल.

बाहेर रत्नाबाईंनी मोठेपणाने कौतुक केलं. "दाजी, तुमी धाडलेली ती टॅबवाली पोरगी लई चलाख हो!"

विलासराव बुचकळ्यात पडले. "आमी? आवो, ती तर तुमीच आमच्याकडं धाडलेली."

सोफासुद्धा गप्प झाला. आणि नेमका त्या शांततेत आतून फ्रीज उघडल्याचा आवाज आला, मग स्नेहलचं हसणं आणि पाठोपाठ तिचा खणखणीत आवाज:

"अगंबया! आमच्याबी फ्रीजात नुसतं पाणीच हाय!"

रत्नाबाईंनी पदर सावरला. आता 'कळवतो' म्हणतील आणि उठतील. विलासरावांनी आपल्या नव्या बुटांकडे पाहिलं. एकाच्या तळव्याला अजून किमतीचं लेबल होतं. बराच वेळ ते लेबल नखाने खरवडून ते म्हणाले,

"पाणी तरी गार व्हतंय का?"

"बरफावानी," रत्नाबाई म्हणाल्या.

"मग झालं तर. आमचा फ्रीज आंदणात देतो. एकाचे हप्ते तुमी फेडा, दुसऱ्याचे आमी."

भिवाजींनी लगेच साखर वाटली. खरं बोलायची वेळ आपल्यावर आली नाही, याचा आनंद त्यांना अधिक होता.

आता लग्न कार्तिकात आहे आणि ते धडाक्यात होणार आहे, कारण धडाक्यात न करण्याइतकी दोन्ही घरांची परिस्थिती राहिलेली नाही. आपण जरूर यावं. फक्त मांडवात रत्नाबाईंना बघून हसू नये. ती पेपरातली बातमी वाचूनच आपण तो भिंतभर टीव्ही हप्त्यावर आणलात, आणि परवा शेजाऱ्यांनी जिन्यात 'कसं चाललंय?' म्हणून विचारलं तेव्हा छाती फुगवून 'एकदम मस्त' म्हणालात. आणि आपल्या घरात तर लग्नाचं कोणी नाही.