गुरुवारी लेक्चर, शुक्रवारी आम्ही

पल्लवी डोंगरे कुणाच्याही घरी गेली, की बसायच्या आधी खुर्ची उलटी करते. खालून पाहते, पाय हलवते, मग सुलटी करून तिच्यावर बसते आणि विचारते, "काकाजी, हे असं काहून?"

ती मूळची काटोलची. वाडीत आमच्या वरच्या खोलीत दोन वर्षांपासून भाड्याने राहते आणि शहरातल्या कॉलेजात डिझाइन शिकते. डिझाइन म्हणजे कापडावरची नक्षी, अशी माझी समजूत होती. पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाची दुसरी कोणती असणार? ती तिने पहिल्याच दिवशी दुरुस्त केली. "वस्तूनं त्रास दिला का, डिझाइन चुकलं. माणूस कधीच चुकत नाही, काकाजी!" हे वाक्य माझ्या बायकोला इतकं पटलं, की त्या दिवशी वरण खारट झालं तेव्हा तिने सगळा दोष मिठाच्या डब्याला दिला.

पल्लवीचं मुख्य लेक्चर गुरुवारी. तिथे जे शिकवतील, त्याचा प्रयोग शुक्रवारी आमच्यावर. निरीक्षण शिकवलं त्या आठवड्यात ती सकाळभर वही घेऊन स्वयंपाकघरात बसली आणि दुपारी माझ्यापुढे उभी राहिली. "काकू एका स्वयंपाकात एकवीस वेळा वाकतात. तुम्ही शून्य." खालच्या कप्प्यातला कुकर आणि पिठाचा डबा मी निमूटपणे ओट्यावर आणून ठेवला.

पुढे पुठ्ठ्याचे नमुने करायचा आठवडा आला. तिने अख्खी खुर्ची केली. "बसा बिनधास्त. मी सांगून राहिली नं!"

मी बसलो. खुर्ची माझ्याआधी बसली. जमिनीवरून वर पाहतो तर पोरगी वहीत लिहीत होती, 'मागचा पाय कमजोर.'

"माझा की खुर्चीचा?"

"दोघांचाही," ती म्हणाली.

या वर्षी शेवटचं मोठं काम आलं. एक माणूस निवडायचा, त्याला 'युजर' म्हणायचं, त्याला बारा प्रश्न विचारायचे आणि त्याच्या अडचणीवर वस्तू बनवायची. उत्तरांचा कागद गुरुवारी दिला नाही तर पुढचं काम बघणारच नाही, असं सरांनी बजावलं होतं. निवड आपलीच होणार म्हणून माझ्या बायकोने उत्तरं तयार ठेवली होती. पल्लवीने वडिलांना निवडलं.

तिचे वडील ट्रक चालवतात. बुटीबोरीहून कापड भरून लांबलांब जातात. घरी महिन्यातून दोनदा टेकले तर टेकले.

"फोनवर विचार की," मी म्हटलं.

"गाडी चालवताना मी त्यायले फोन लावत नाही. अन् गाडी थांबली का ते झोपतात."

बुधवारी त्यांचा ट्रक वाडीच्याच एका गोदामात माल उतरवायला येणार होता. तासाभराचं काम. "तास लय झाला," पल्लवी म्हणाली. "एका प्रश्नाले पाच मिनिटं."

दुपारी बायकोने डोंगऱ्यांसाठी डबा भरून दिला, तो घेऊन मीही पल्लवीबरोबर गेलो. मागून हमाल गठ्ठे उतरवत होते आणि पुढे केबिनमध्ये डोंगरे गाढ झोपले होते. मान खिडकीला वाकडी टेकलेली, एक पाय गिअरच्या दांड्याशी अडकलेला.

मी हाक मारायला तोंड उघडलं, तर तिने माझा हात धरला. "राहू द्या, काकाजी."

"अगं, उद्या गुरुवार. तुझा कागद?"

"कसे झोपून राहिले, पाहा नं."

ती दुसऱ्या बाजूने हळूच वर चढली. टेप काढून मान आणि खिडकीमधलं अंतर मोजलं, गुडघा मोजला, चित्रं काढली. मग वही मिटली आणि नुसती त्यांच्याकडे पाहत बसली. मागे कुणीतरी धाडकन गठ्ठा टाकला, तशी ती बाहेर डोकावून म्हणाली, "हळू गा, भाऊ." इतका बारीक आवाज या पोरीजवळ आहे, हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं.

ट्रक रिकामा झाला. हमालाने दारावर थाप मारली तेव्हा डोंगरे दचकून उठले. "अवं, कधी आली तू? उठवलं काहून नाही?"

तिने माझ्या हातातला डबा घेऊन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डबा घेतला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती खाली उतरताच गाडी सुरू केली. दुसरीकडे माल भरायची वेळ झाली होती.

गुरुवारी तिने कागद दिला. बाराही प्रश्नांपुढे एकच उत्तर : 'युजर झोपला होता.' सोबत सहा चित्रं. सर बराच वेळ ती चित्रं पाहत राहिले म्हणे. मग त्यांनी प्रश्नांचे मार्क कापले आणि काम पुढे करायला सांगितलं.

"कापू दे," पल्लवी म्हणाली. "मी काही चुकली नाही."

तिने केबिनच्या दाराला अडकवायची, मान सावरणारी उशी बनवली. आधीचे पाच नमुने माझ्या मानेने सोसले. सहावा वडिलांबरोबर गेला.

परवा सकाळी त्यांचा फोन आला. गाडी कुठल्याशा नाक्यावर रांगेत उभी होती. पल्लवीने आमच्यासमोरच फोन स्पीकरवर टाकला आणि वही उघडली. "बाबा, उशी कशी आहे? नीट सांगा, लिहायचं आहे."

पलीकडून आवाज आला, "काय सांगू वं बेटा? डोकं टेकवलं का मी जागाच नाही राहत."

पल्लवीने ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. मग पेन खाली ठेवलं, स्पीकर बंद केला आणि फोन कानाशी धरून जिन्याकडे जाता जाता म्हणाली, "आता जागे आहात, तं बोला नं थोडं."