रजेचं कारण : सविस्तर लिहा

माणूस नवी गोष्ट तिच्या उपयुक्ततेमुळे स्वीकारतो, असं सर्व अहवालांत म्हटलेलं असतं. (अहवाल कोणी वाचत नाही. त्यामुळे हे अजून खोटं ठरलेलं नाही.)

कार्यालयात नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा ते लोकांच्या गळी उतरवण्याचं काम आस्थापना विभागाच्या बाईंकडे आलं. वापर वाढला नाही तर बाईंची बदली तळघरात, जुन्या फायलींच्या विभागात, असं साहेबांनी हसत सांगितलं. साहेब हसले म्हणजे ते ठरलंच.

बाईंनी केलेले उपाय :

प्रशिक्षण. (सगळे आले. तिथला पंखा चालू होता.)

प्रेरणादायी फलक. (मागे छत्र्या ठेवायची सोय झाली.)

साहेबांचा आदर्श. (साहेबांचं लॉगिन त्यांचा शिपाई वापरतो. निर्णय वेळेवर होऊ लागले आहेत.)

वापर : शेकडा चार. त्यात स्वतः बाई, आणि पासवर्ड विसरला की नवं खातं उघडणारे हिशेबनीस.

मग चूक झाली. रजेच्या अर्जातला 'कारण' हा रकाना फक्त साहेबांना दिसायचा. बाईंनी कुठलंसं बटण दाबलं आणि तो सगळ्यांना दिसू लागला.

दुपारपर्यंत अख्खं कार्यालय आत.

"अहो, स्टोअरवाल्यांच्या सासूबाई वारल्या!"

"गेल्या वर्षी गेल्या होत्या ना?"

"त्या गेल्याच होत्या. यंदा परत गेल्या."

वापर : शेकडा शंभर. (हिशेबनीस धरून एकशे दोन.) 'कर्मचाऱ्यांना उपयुक्तता पटली' अशी नोंद करून साहेबांनी बदली मागे घेतली. वापर टिकेपर्यंत.

संगणकवाले काका हळूच म्हणाले, "बाई, तो रकाना उघडा राहिलाय. बंद करू?"

बाईंना स्वतःलाच रजा हवी होती. कारण असं, की घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. 'घरगुती अडचण' लिहिलं तर सॉफ्टवेअर म्हणे, सविस्तर लिहा. रकाना बंद केला तर तळघर.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. खरं काय ते लिहिलं आणि बटण दाबलं.

अख्ख्या कार्यालयाने तो रकाना उघडला. मग टंकलेखिका पुटपुटली, "अगं बाई! आणि आपल्याला पत्ता नाही!"

कारण काय होतं?

तुमची मान पुढे आलीच आहे, तर नवीन वापरकर्ता म्हणून तुमचं नाव घालून टाकलंय. पासवर्ड काय ठेवायचा, तेवढं सांगा.