उपाध्यक्षांच्या न्हाणीघराचा पडदा

एका जंगलात, बाळांनो, एक अस्वलीण होती आणि तिच्या पाठीवरचे केस गळत होते. हसू नका. माणसाला टक्कल पडलं तर तो टोपी तरी घालतो. अस्वलिणीने काय घालावं?

तिचं नाव द्वारकाबाई. पाठीवर पळसाच्या पानाएवढा चट्टा पडला होता आणि तो मेला सारखा खाजायचा. शेवटी ती बगळेवैद्यांकडे गेली. वैद्यांनी एका पायावर उभं राहूनच चट्टा तपासला.

"कडुलिंबाचा पाला उकळा आणि त्या गरम पाण्याने रोज अंघोळ करा. सलग एकवीस दिवस. टाळाटाळ केलीत तर चट्टा अंगभर पसरेल, सांगून ठेवतो."

"कुणाला बोलू नका हं, वैद्यबुवा," द्वारकाबाई काकुळतीला येऊन म्हणाल्या. अस्वलाच्या जातीत सगळा मान केसांचा. चारचौघांनी आपली उघडी पाठ बघितली तर तोंड कुठे लपवायचं, ही एकच भीती त्यांना खात होती.

गुहेत न्हाणीघर होतं, अगदी नवंकोरं. पण त्याच्या खिडकीला पडदा नव्हता आणि खिडकीसमोरच होता चिंचेचा पार. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत तिथे कुणी ना कुणी बसलेलं असायचंच. जंगलात कामं कमी नव्हती, पण ती करायची कुणाला हौस नव्हती.

"अहो," द्वारकाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "त्या खिडकीला एक गोणपाट ठोकून द्या ना. उद्यापासून अंघोळ सुरू करते."

नवरा म्हणजे तात्यासाहेब अस्वल. अखिल जंगल अस्वल मंडळाचे उपाध्यक्ष. मंडळाचं काम काय, ते मंडळालाही ठाऊक नव्हतं.

"गोणपाट?" तात्यासाहेब गुरगुरले. "अगं, पारावर अख्खं जंगल बसतं. उपाध्यक्षाच्या खिडकीला गोणपाट! लोक काय म्हणतील?"

"म्हणेनात का! आतलं दिसलं नाही म्हणजे झालं."

"तू गप्प बस. तुला यातलं काही कळत नाही."

ऐकलंत? जिला अंघोळ करायची तिला पडद्यातलं कळत नाही. आणि ज्याने दिवाळीपासून अंगाला पाणी लावलेलं नाही, त्याला कळतं! असो. घर त्यांचं, अक्कल त्यांची.

दुसऱ्या दिवशी कोल्होबा पडदेवाले नमुन्यांचं गाठोडं घेऊन हजर झाले. आडव्या पट्ट्यांचे, उभ्या पट्ट्यांचे, दोरी ओढली की गुंडाळले जाणारे, असे नाना तऱ्हेचे पडदे. पारावरची मंडळी न बोलावता आत आली. न्हाणीघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. लांडोरकाकू कपडे धुवायच्या दगडावर बसल्या. गवेसाहेब बंबाला टेकले. द्वारकाबाईंनी अंघोळीसाठी उकळलेला कडुलिंब कोपऱ्यात निवत पडला आणि त्या बिचाऱ्या सगळ्यांसाठी चहा ठेवायला गेल्या.

"आमच्याकडे याहून रुंद पट्ट्या आहेत," गवेसाहेब म्हणाले. गवेसाहेब जन्मभर चिखलात लोळत आले. त्यांच्याकडे न्हाणीघर नाही, खिडकी तर नाहीच नाही. पण बोलायला काय जातंय?

"पण आतलं दिसतं की नाही, हे बघायला नको का?" लांडोरकाकूंनी शंका काढली.

सगळ्यांना ते पटलं. मंडळी पारावर जाऊन बसली आणि द्वारकाबाईंना शाल पांघरून आत उभं करण्यात आलं.

"वहिनी, अंघोळ करताय असं करा!" कोल्होबा बाहेरून ओरडले. "तांब्या डोक्यावर न्या!"

द्वारकाबाईंनी रिकामा तांब्या डोक्यावर नेला.

"दिसतंय का?"

"शाल दिसतेय. जरा डावीकडे सरका बघू."

असा एकेक पडदा लागला, एकेक उतरला. पहिल्या दिवशी सहा झाले, दुसऱ्या दिवशी नऊ. पडदा कशासाठी हवाय, हे मंडळी केव्हाच विसरली होती. रोज सकाळी माना ताणून एका बाईच्या न्हाणीघरात डोकवायचं, आणि काही दिसत नाही ना याची खात्री करून घ्यायची! अशी सभ्य जनावरं तुम्हाला शोधून सापडायची नाहीत.

दहाव्या दिवशी चट्टा खांद्यावर आला. बाराव्या दिवशी कमरेखाली उतरला. वाटेत बगळेवैद्य भेटले.

"आजचा कितवा दिवस?"

"पहिलाच व्हायचाय अजून," द्वारकाबाई म्हणाल्या आणि त्यांना रडूच कोसळलं.

एकदाचा पडदा ठरला. सागाच्या पातळ आडव्या पट्ट्या, त्यांवर हाताने रंगवलेली कमळं, ओढायला रेशमी दोरी. तात्यासाहेबांची छाती फुगली.

"एकच सांभाळा," कोल्होबा म्हणाले. "याला पाण्याचा थेंब लागू देऊ नका. वाफ तर मुळीच नको. पट्ट्या वाकतील."

"न्हाणीघरात पाणी लागणार नाही तर कुठे लागणार?" द्वारकाबाईंनी विचारलं.

सगळे कमळं बघत होते. तात्यासाहेबांनी बंब उचलून अंगणात नेऊन ठेवला. "अंघोळीचं मागाहून बघू," ते म्हणाले. "परवा पडद्याचं हळदीकुंकू करू या."

हो, बाळांनो, पडद्याचं हळदीकुंकू! सगळं जंगल लोटलं. बायकांनी आत येऊन पडद्याला कुंकू लावलं आणि मग बाहेरून कसा दिसतो ते बघायला मंडळी पारावर जमली. द्वारकाबाई शालीखाली खाजवून खाजवून रक्तबंबाळ झाल्या होत्या. हातात अत्तरदाणी होती. ती त्यांनी दाणकन खाली ठेवली.

"आग लागो तुमच्या पडद्याला!"

रोजच्या आशेने सकाळीच अंगणातल्या बंबात उकळून ठेवलेलं कडुलिंबाचं पाणी त्यांनी घंगाळात काढलं, घंगाळ उचललं आणि खिडकीखाली, पारासमोर, भर उजेडात आणून ठेवलं. शाल फेकून दिली. अर्धं अंग भुंडं, लाललाल. डोळे गच्च मिटून त्यांनी पहिला तांब्या डोक्यावर ओतला आणि हसण्याची वाट बघत उभ्या राहिल्या.

कुणीच हसलं नाही.

त्यांनी एक डोळा उघडला. सगळ्या माना खिडकीकडे वळलेल्या होत्या.

"अगंबाई!" लांडोरकाकू किंचाळल्या. "कमळं आतल्या बाजूला! बाहेरून नुसती पाठच दिसतेय की हो पट्ट्यांची!"

"फसले आपले उपाध्यक्ष," गवेसाहेब आनंदाने म्हणाले.

तात्यासाहेबांचा चेहरा पडला. ते पारावरून वाकून वाकून बघू लागले.

"अगं ए, जरा बाजूला हो," ते बायकोला म्हणाले. "तुझ्यामुळे खिडकी दिसत नाहीये."

द्वारकाबाईंनी नवऱ्याकडे एकवार नीट बघितलं. मग त्या बाजूला झाल्या आणि त्यांनी दुसरा तांब्या ओतला.

पुढे सलग एकवीस दिवस त्या तिथेच, सगळ्यांच्या नाकासमोर अंघोळ करत होत्या. पारावर कमळांचा वाद चालूच होता. पाठीवर काळीभोर लव आली, मग दाट केस आले. तात्यासाहेबांना यातलं काहीच कळलं नाही. मुळात चट्टा होता, हेही त्यांना माहीत नव्हतं.

तात्पर्य: अंगातलं व्यंग झाकायचं असेल तर खिडकीला असा पडदा लावावा, की शेजाऱ्यांना त्याला पोटभर नावं ठेवता येतील. मग खुशाल उघड्यावर अंघोळ करावी. कुणी बघत नाही, आणि नवरा तर नाहीच नाही.